तोंड धुण्याची योग्य वेळ

सकाळी दात नेमके केव्हा घासावेत, चहाच्या आधी की नंतर, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात. विचारणाऱ्याच्या तोंडात तेव्हा जिलबी असते. डोणगावात माझा दातांचा दवाखाना आहे. गावातले लोक रस्त्यात भेटले की मला नमस्कार करतात, पण ओठ मिटून करतात. मी हसून बोललो की त्यांना वाटतं मी त्यांचे दात मोजतोय. खरं सांगायचं तर मोजतोच. सवय लागली आहे, आणि तिची थोडी लाजही वाटते.

प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. उठल्याबरोबर घासावेत, काही खाण्यापिण्याच्या आधी. झोपेत तोंडातली लाळ कमी होते. लाळ ही दातांची राखणदार. ती नसली की रात्रभर जंतूंना मोकळं रान मिळतं. उठल्यावर तोंडाला जी चव असते ती त्यांचीच. ती घासून काढावी आणि मग चहा घ्यावा. आधी काही आंबट पोटात गेलं असेल, लिंबू, चिंच, संत्रं, तर तासभर थांबावं, कारण आंबटानं दाताचं वरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं. नुकत्या रंगवलेल्या ओल्या भिंतीवरून हात फिरवला तर रंग हाताला येतो, तसं मऊ कवच ब्रशबरोबर निघून जातं आणि ते पुन्हा उगवत नाही.

हे उत्तर बरोबर आहे, मी आजही तेच देतो. पण ह्याच उत्तरानं मी दोन भावांची रोजची एकमेव भेट मोडली होती. दिवाळी अंकासाठी दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. गमतीही सांगतो, पण मन तिकडे ओढ घेतं.

आमच्या धंद्याबद्दल बाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते. दवाखान्यातली खुर्ची मागे रेलली की माणूस बदलतो. वर छत, डोळ्यांवर दिवा, उघडं तोंड. बरेच जण डोळे मिटून घेतात. भूल चढते तसा अर्धा चेहरा आपला राहत नाही. ना झोप ना जाग, अशा त्या मधल्या जागेत माणसं जे बोलतात ते काऊंटरवर कधी बोलणार नाहीत. मी हातात आरसा धरून ऐकत उभा असतो. बाहेर डोणगावच्या बाजारात मिरच्यांची पोती उतरत असतात, आणि आत सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटतं.

एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांना स्वप्न पडलं होतं की त्यांचे दात एकेक करून तळहातावर गळताहेत. आपल्याकडे हे स्वप्न चांगलं समजत नाहीत, घरातलं कोणीतरी जातं म्हणतात. त्यांची आई अंथरुणावर होती. खुर्चीत बसून त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, माझा एक दात काढून टाका. म्हणजे स्वप्न खरं होऊन जाईल. मग आईला काही होणार नाही."

मी त्यांना समजावायला हवं होतं. पण मागची एक अक्कलदाढ किडलेली होती, आज ना उद्या काढावीच लागली असती. मी काढली. त्यांनी ती रुमालात बांधून नेली. जाताना त्यांचा चेहरा असा हलका झाला होता की मी फी सांगायची विसरलो. मी दाढेवर उपचार केला की स्वप्नावर, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

एकादशीच्या दिवशी एक आजोबा हटकून यायचे. सगळ्या पेस्टमध्ये मीठ असतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "शेंदेलोणाची नाई का एखादी? उपासाची?" दुसरे एक ट्रकचालक, मलकापूरहून कापसाच्या गाठी घेऊन जाणारे. मी नेहमीचं पाठ बोललो, सकाळी उठल्याबरोबर. ते हसले. "साहेब, माझी सकाळ दुपारी चारले होते. तवा लोक चहा पिऊन राह्यतात अन् मी ढाब्यावर ब्रश घेऊन फिरतो. पोरं म्हनतात, चाचा येडा झाला." सकाळ प्रत्येकाची वेगळी असते हे मी त्यांच्याकडून शिकलो, पण फक्त ऐकण्यापुरतं. अंगी लागलं असतं तर पुढचं झालं नसतं.

दौलतभाऊंना त्यांची सून वैशाली घेऊन आली. साठी ओलांडलेला, ताठ, कमी बोलणारा माणूस. वांगी, कांदा, मेथी अशी भाजीपाल्याची शेती. गार पाणी प्यालं की डोळ्यांत पाणी येतं, ही तक्रार. मी तोंड पाहिलं. कीड नाही, हिरड्या घट्ट, पण पुढचे दात कडेला काचेसारखे पातळ झालेले. दिवा मागून धरला तर उजेड आरपार दिसायचा.

"सकाळी काय घेता?"

"लिंबूपानी," वैशालीच सांगू लागली. "फोनवर पाह्यलं तवापासून. शेतातलं लिंबू, कोमट पानी. उठले की आधी ते. अन् मंग थोड्या वेळानं जातात बाहेर दात घासाले. इतक्या जोरानं घासतात, डाक्टरसाहेब, घरात आवाज येते."

मला रोग सापडला. आंबट आधी आणि ब्रश नंतर, तोही जोरात. मी समजावलं, उठल्याबरोबर घासा आणि मग लिंबूपाणी घ्या. दौलतभाऊ "हाव" म्हणाले. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आले तेव्हा एका दाताची कड तुटली होती. त्यांनी काहीच बदललं नव्हतं. मी रागावलो. राग आला की मी फार गोड बोलतो, ते जास्त वाईट. "दौलतभाऊ, दात तुमचे आहेत, मला काय. पुढच्या दिवाळीला चिवडा मिक्सरमधून काढून खा."

त्यांनी मान खाली घातली. वैशालीच म्हणाली, "मी पाहतो आता. रोज उठल्याबरोबर पेस्ट लावून ब्रश हातात देतो. पाहू कसे नाई घासत."

आणि ती शब्दाला जागली. ते पहाटे उठायचे, अंधारात मोरीपाशी बसून दात घासायचे, मग लिंबूपाणी. पुढच्या खेपेला दात तिथेच थांबले होते, झीज पुढे गेली नव्हती. मी तिला शाबासकी दिली. दौलतभाऊ मात्र खुर्चीत डोळे मिटून पडून राहिले. ठणका कमी आहे का, विचारलं तर म्हणाले, "हाव, कमी आहे." एखाद्याच्या घरातला माणूस गेल्यावर भेटायला गेलं की तो जसा बोलतो तसा आवाज होता. मी ऐकला, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

थंडी पडली तेव्हा एक दिवस सुभाषराव आले. पन्नाशीच्या पुढचे, गोल चेहऱ्याचे, बोलके वाटणारे, पण खुर्चीत बसून गप्प.

"कोणता दात?"

"सगळेच म्हना ना."

मी सगळे ठोकून पाहिले. एकही दुखत नव्हता. तसं सांगितलं तरी ते उठेनात. भिंतीवरच्या दाताच्या चित्राकडे बघत म्हणाले, "आमच्या तिकडचे एकजन येतात तुमच्याकडं."

"कोण?"

"भिंतीपलीकडचे." मग हळूच, "दौलत नाव आहे त्याहिचं."

चेहऱ्याची ठेवण तेव्हा माझ्या लक्षात आली. तोच जबडा, तेच पुढचे रुंद दात, फक्त ह्यांचे अजून जाड होते. हे दौलतभाऊंचे धाकटे सख्खे भाऊ.

"त्याहिच्या तोंडात काय निंगालं?" त्यांनी एकदम विचारलं. "लपवू नका जी. मानूस दात घासनं सोडन काय उगाच? आमच्या वाडीत एकाचं असंच झालं. आधी ब्रश सुटला, मंग भाकर सुटली, मंग..."

पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही हा नियम आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी तो त्या दिवशी मोडला. त्या माणसाचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेले होते, मला ते पाहवेना. "तसलं काही नाही," मी म्हणालो. "दात झिजले होते. ते पहाटे घासतात आता. वेळ बदलली आहे, एवढंच."

"कोनं बदलली?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या विहिरीत माती लोटली होती. "काऊन?" एवढंच म्हणाले. मी लाळ, लिंबू, कवच सगळं सांगितलं. ते उठले, दाराशी थांबले. "मी रोज उभा राह्यतो. समोर कोनीच नसते. तोंडातला फेस वाळून जाते."

रात्रभर नाही, पण झोप येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना मी रोजचा रस्ता सोडला आणि गावाच्या कडेला, जिथून शेतं सुरू होतात, तिकडे वळलो. धुकं होतं. तुरीच्या ओळी दिसत होत्या आणि पुसल्या जात होत्या. धुक्यात आवाज जवळ येतो आणि माणूस लांब जातो. पहिल्यांदा मला ब्रशचा आवाज आला, मग घर दिसलं. खरं तर एकाच घराची दोन केलेली. मधल्या अंगणात विटांची भिंत, छातीएवढीच. विटा संपल्या तिथे थांबली असावी आणि पुढच्या विटा कोणी आणायच्या ह्यावर ती कायमची थांबली.

भिंतीच्या अलीकडे सुभाषराव उभे होते. खांद्यावर पंचा, तोंडात फेस. ते भिंतीपलीकडे बघत घासत होते, अगदी हळू, जसं कोणाची तरी वाट बघताना माणूस काहीतरी हातात धरून असतो. पलीकडे दोरीवरचं ओलं लुगडं आणि एक रिकामी बादली होती.

मी तसाच पुढे जाणार होतो, पण पलीकडच्या दारातून हाक आली. "डाक्टरसाहेब? इतक्या सकाळी?" दौलतभाऊ आत, उंबऱ्याच्या मागे बसले होते. बाहेरून दिसत नव्हते. हातात लिंबूपाण्याचा पेला होता. त्यांनी मला आत घेतलं, वैशालीनं चहा टाकला. बाहेर ब्रश चालूच होता. दौलतभाऊ तो ऐकत होते.

मी विचारलं. आधी विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं. त्यांनी पेल्याकडे बघत सांगितलं.

त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात पत्रिकेवर धाकट्या भावाचं नाव लांबच्या चुलत्यांच्याही खाली छापलं गेलं. छापणाऱ्यानं केलं की घरातल्या कोणी, ते कळलं नाही. सुभाष लग्नाला आला, अक्षता टाकल्या, जेवला नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. अंगणात भिंत उभी राहिली. त्या मुलीची मुलगी आता शाळेत जाते.

"पन सकाळी दोघंबी बाहेरच तोंड धुतो ना. पहिल्यापासून. बाप बी तिथंच धुवे," ते म्हणाले. "भिंत झाल्यावर पहिल्या दिवशी मी गेलो, तं तो बी उभा. आता काय करता? दोघाच्याबी तोंडात फेस. बोलता येत नाई, तं बोलाव बी लागत नाई. मंग घासत राह्यलो. रोज. त्याच्या मोटारीचं पानी वाया जात असन तं मी ब्रशनं दाखवो. माह्या म्हशीनं दावं तोडलं तं तो ऊं ऊं करे. एकदा त्याले ताप होता, चेहराच सांगे, तं मी वैशालीले म्हनलं, काढा नेऊन दे, माहं नाव सांगू नको."

"मग हे बोलणंच झालं की."

"नाई जी," ते एकदम ठाम झाले. "तोंडात फेस असताना जे निंगते त्याले बोलनं म्हनत नाई."

वैशाली चहाचे कप घेऊन चुलीजवळच थांबली होती. "मामंजी, मले सांगाचं ना हे," ती म्हणाली. "मी अंधारात ब्रश हातात देऊन राह्यली, अन् तुमी चुपचाप घासून राह्यले."

"तुले काय सांगू माय? भावाले पाह्याचं आहे म्हनून दात खराब करतो, असं सांगू?"

"मग आताही जा ना बाहेर," मी म्हणालो. "नुसते उभे राहा."

ते माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात माझ्या शिक्षणाबद्दल थोडी दया होती. "मोकळ्या तोंडानं गेलो तं बोला लागन ना, डाक्टरसाहेब."

बाहेर चूळ भरल्याचा आवाज आला, मग बादलीचा, मग दार लागल्याचा. दौलतभाऊंनी पेला खाली ठेवला. त्यांच्यासाठी सकाळ संपली होती.

पेशंटला मी नेहमी विचारतो: दिवसातून किती वेळा घासता, कोणता ब्रश, किती वेळ. कुठे उभे राहून घासता, समोर कोण असतं, हे मी आयुष्यात कोणाला विचारलं नव्हतं. लिंबूपाणी सोडा म्हटलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण मला वेळ बदलायची होती, कारण पुस्तकात वेळ दिलेली असते. लिंबू सोडता का, असं मी तिथेच विचारलं. ते लगेच म्हणाले, "सोडलं." पेला वैशालीकडे सरकवला.

पण दात आता इतके पातळ होते की लिंबू सोडूनही त्यांना बाहेर उभं राहून बराच वेळ जोरानं घासू देणं मला धोक्याचं वाटत होतं. मग मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवर खूष झालो. पातळ दातांसाठी चूळ भरायचं एक औषध असतं. ते मिनिटभर तोंडात धरून थुंकायचं. मी म्हणालो, ब्रश मऊ घ्या आणि पहाटे मोरीतच उरका. उजाडल्यावर हे औषध तोंडात धरून बाहेर उभे राहा. "पाच मिनिटं धरायचं," मी सांगितलं. बाटलीवर एक मिनिट लिहिलेलं आहे. मी खोटं बोललो. तोंड भरलेलं राहावं म्हणून बोललो, तरी खोटंच.

पुढचं मला वैशालीनं सांगितलं. मी पुन्हा तिकडे गेलो नाही, मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दौलतभाऊ औषध तोंडात घेऊन बाहेर गेले. सुभाषराव भिंतीशी होतेच. भावाला बघून त्यांचा ब्रश थांबला, मग दुप्पट जोरात सुरू झाला. दौलतभाऊंचे गाल फुगलेले होते. औषध झोंबणारं होतं, हे सांगायला मी विसरलो होतो. पातळ दातांना ते असं झोंबलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी भक्कन सगळं थुंकून टाकलं.

आता तोंड मोकळं होतं. वैशाली दारात उभी होती. तिला वाटलं, मामंजी आता आत येणार. ते पंच्यानं तोंड पुसत वळलेसुद्धा. पलीकडे ब्रश घसघस चालला होता. ते थांबले, परत वळले आणि ओरडले, "हळू घास बे! दात झिजतात तशानं. माहे पाह्य काय झाले."

सुभाषरावांच्या तोंडात फेस होता. ते म्हणाले, "हूं."

वैशाली हे सांगून हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. "मंग?" मी विचारलं. तर मग काही नाही. दौलतभाऊ आत येऊन चहा प्याले. दुसऱ्या दिवशी औषधाची बाटली फळीवरच राहिली, आणि ते मोकळ्या तोंडानंच बाहेर गेले.

त्यानंतर आठवडा गेला असेल. बाजाराचा दिवस होता, दवाखान्यात गर्दी. सुभाषराव येऊन बाकावर बसले, आपला नंबर येईपर्यंत थांबले, खुर्चीत रेलले. ह्या वेळी हात मोकळे होते.

"काय दुखतंय?"

"दुखत नाई. पाहून सांगा, मी जोरानं घासतो का. हिरड्या खराब होऊन राह्यल्या म्हनतात."

"कोण म्हणतं?"

ते छताकडे बघत राहिले. दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा झोपेतल्या माणसासारखा सैल दिसत होता.

"भाऊ," ते म्हणाले. "भावानं सांगतलं."

मी आरसा आत घातला आणि कडेकडेनं पाहिलं. वरच्या हिरड्या मागे सरकायला लागल्या होत्या. दौलतभाऊंनी भिंतीपलीकडून केलेलं निदान बरोबर होतं.